कॅन्सरमुळे पित्तनळी तुंबली तर नळी घालण्याआधी काय विचारायचं आणि घातल्यावर घरी कसं सांभाळायचं

घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं. सकाळी धनकवडीत भाजी घेताना नेहमीच्या भाजीवाल्या मावशी बाबांना म्हणाल्या, "काका, डोळे बघा की आरशात, हळदीसारखे झालेत." घरी येऊन खिडकीपाशी उभं करून बघितलं तर खरंच पिवळे. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, डोळे बघायचे ते दिवसाच्या उजेडात, खालची पापणी ओढून, दिव्याखाली पिवळेपणा लपतो.

मग जे सगळ्यांच्या घरी होतं ते आमच्याकडेही झालं. आत्या गावाकडून कावीळ उतरवायची माळ घेऊन आल्या, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला सांगितलं, कोणी भुईआवळीचा रस, उसाचा रस, तेल-तूप बंद. सगळं मायेनेच होतं आणि त्यांना मी आजही काही बोलणार नाही, पण त्यात आमचे बारा दिवस गेले आणि तेवढ्यात बिलिरुबिन १८ च्या वर गेलं. नॉर्मल माणसाचं साधारण १.२ च्या आत असतं आणि डोळे पिवळे दिसायला लागतात ते २-३ च्या पुढे गेल्यावर, म्हणजे १८ म्हणजे काय ते लक्षात येईल. बाबांना पित्तनळीचा कॅन्सर होता. ते आता नाहीत, पण त्या चौदा महिन्यांत नळ्या, पिशव्या, स्टेंट (पित्तनळी उघडी राहावी म्हणून आतच बसवतात ती छोटी नळी) यात मी जे शिकले ते आधी कोणी सांगितलं असतं तर बरंच सोपं गेलं असतं, म्हणून हे सगळं लिहितेय. मी डॉक्टर नाही. औषधांचे डोस मी मुद्दाम लिहिलेले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

ही कावीळ वेगळी असते

आपल्याकडे पित्त झालं म्हणजे ॲसिडिटी, ते हे पित्त नाही. हे पित्त लिव्हर बनवतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, आणि ते बारीक बारीक नळ्यांमधून एका मोठ्या नळीत येऊन पुढे आतड्यात पडतं. झाडाच्या फांद्या बुंध्याला येऊन मिळतात तसं. त्या बुंध्यात किंवा फांद्यांच्या सांध्यात गाठ आली की पाणी तुंबल्यासारखं पित्त मागे साठतं आणि रक्तात उतरतं. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याची असू शकते, पित्ताशयाची, खुद्द नळीची, किंवा दुसरीकडच्या कॅन्सरमुळे सुजलेल्या लसिकाग्रंथी बाहेरून नळी दाबत असतील.

ओळखायचं कसं, तर लघवी कडक चहासारखी आणि संडास मात्र पांढरट, मातकट, कारण संडासाला रंग पित्तामुळेच येतो आणि तेच आतड्यात उतरत नाहीये. सोबत अंगाला खाज, रात्री जास्त, तळहात तळपाय खाजून खाजून माणूस रडकुंडीला येतो. वजन उतरतं, भूक मरते. आणि पोटात दुखत नसेल तर खूश होऊ नका, पन्नाशीच्या पुढच्या माणसाला न दुखता कावीळ वाढत चालली असेल तर डॉक्टर जास्तच सावध होतात. खड्यानेही नळी तुंबते, त्यामुळे लगेच कॅन्सरच असं धरून बसायचं नाही, पण त्याच आठवड्यात सोनोग्राफी आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) झालीच पाहिजे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर आयएचबीआर डायलेटेड असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ लिव्हरच्या आतल्या नळ्या फुगल्यात, म्हणजे पुढे कुठेतरी अडथळा आहे. असा रिपोर्ट घेऊन माळ घालत बसायचं नाही, सरळ गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडे जायचं.

आधी स्कॅन, मग नळी

हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. ताप-थंडी नसेल, बीपी ठीक असेल, तर नळी (तुंबलेलं पित्त काढायला बाहेरून घालतात ती, किंवा आतला स्टेंट) घालायची घाई एका रात्रीची नसते. आधी कॉन्ट्रास्टचा सीटी स्कॅन आणि एमआरसीपी करून घ्या. एमआरसीपी म्हणजे नळ्यांचा नकाशाच, कुठे अडथळा आहे, किती फांद्या तुंबल्यात, सगळं दिसतं. एकदा स्टेंट आत गेला की त्याच्या आजूबाजूला सूज येते, स्टेंटची सावली पडते, आणि मग गाठ नक्की कुठवर आहे, ऑपरेशन होण्यासारखी आहे का हे स्कॅनवर ठरवणं अवघड होतं.

आमच्याकडे नेमकं उलटं झालं. पहिल्या हॉस्पिटलमध्ये (नाव घेत नाही) ॲडमिट केलं त्याच दिवशी संध्याकाळी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, प्लास्टिकचा स्टेंट घातला, एमआरसीपी न करताच. बाबांचा अडथळा होता वरती, जिथे उजवी आणि डावी नळी एकत्र येतात त्या सांध्यात. नळ्या एक्सरेवर दिसाव्यात म्हणून आत डाय सोडला तो सगळ्या फांद्यांमध्ये गेला, स्टेंट मात्र एकाच बाजूला बसला, आणि ज्या फांद्यांमध्ये डाय जाऊन परत बाहेर यायला वाट राहिली नाही तिथे इन्फेक्शन झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा इतके थडथड कापत होते की लोखंडी कॉट वाजत होती. चार दिवस आयसीयू. नंतर दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडमनी एमआरसीपीचा फोटो स्क्रीनवर लावून पाच मिनिटांत समजावून सांगितलं की अशा जागी कुठल्या फांद्या मोकळ्या करायच्या हे आधी नकाशावर ठरवायचं असतं आणि ज्या मोकळ्या करता येणार नाहीत त्यांच्यात शक्यतो डाय सोडायचाच नाही.

तुमच्या रिपोर्टवर हायलर, क्लॅटस्किन असे शब्द असतील तर ते हेच सांध्याचं ठिकाण. क्लॅटस्किन हे डॉक्टरांचं आडनाव, त्यांनी १९६५ साली अशा १३ पेशंटबद्दल लिहिलं म्हणून ते नाव पडलं. सोबत बिस्मथ टाइप असा आकडा असतो. १ म्हणजे सांध्याच्या खाली, २ म्हणजे सांध्यावर, ३ म्हणजे उजव्या किंवा डाव्या एका बाजूच्या फांद्यांमध्ये पुढे सरकलेली, ४ म्हणजे दोन्हीकडे. आकडा जितका मोठा तितका नळी घालणाऱ्याचा अनुभव महत्त्वाचा. अशा केसमध्ये निम्म्याहून जास्त चांगलं लिव्हर मोकळं होईल असं बघतात, त्यामुळे कधी दोन नळ्यासुद्धा लागतात आणि घरचे घाबरतात की अजून एक का, तर कारण हे.

सीए १९-९ नावाची रक्ततपासणी येईल, तिचा आकडा बघून लगेच रडायला लागू नका. नळी तुंबलेली असताना तो तसाही चढतो, कावीळ उतरल्यावर परत केलेला आकडा जास्त खरा.

डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न: ही नळी कशासाठी?

उत्तरं साधारण तीन असतात आणि प्रत्येकात नळी वेगळी, मार्ग वेगळा, खर्च वेगळा.

ऑपरेशन होणार असेल तर प्रत्येकाला आधी नळी लागतेच असं नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरमध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दोन गट करून बघितलं होतं, २०१० साली ते छापून आलं, ज्यांचं आधी स्टेंट घालून मग ऑपरेशन केलं त्यांच्यात ७४ टक्क्यांना मोठा काही ना काही त्रास झाला आणि ज्यांचं सरळ लवकर ऑपरेशन केलं त्यांच्यात ३९ टक्क्यांना. तेव्हाचे स्टेंट प्लास्टिकचे होते आणि बिलिरुबिन फार चढलेले पेशंट त्यात नव्हते, त्यामुळे हे सगळ्यांना सरसकट लागू नाही, पण सर्जनला न दाखवता स्टेंट घालून मोकळं व्हायचं नाही एवढं यातून नक्की घ्या. इन्फेक्शन असेल, बिलिरुबिन खूपच वर असेल, आधी किमो द्यायची असेल किंवा ऑपरेशनची तारीख लांबची असेल तर मात्र घालतात. आणि सांध्यावरच्या गाठीत लिव्हरचा मोठा भाग काढायचा असेल तर राहणारा भाग आधी मोकळा करावा लागतो, ते गणित वेगळं.

किमोसाठी असेल तर बिलिरुबिन खाली आणायचंच असतं कारण बऱ्याच किमोच्या औषधांचा निचरा लिव्हरमधूनच होतो.

आणि तिसरं म्हणजे आराम. ऑपरेशन नाही, किमोही झेपणार नाही, पण खाज थांबावी, झोप लागावी, चार घास जावेत. हे कारण अजिबात कमी नाही. फक्त अशा वेळी हेही मोकळेपणाने विचारा की नळीचा त्रास आणि हॉस्पिटलच्या चकरा यांच्या मानाने आराम किती मिळेल. माणूस अगदीच थकलेला असेल, पोटात पाणी खूप असेल, तर न घालणं हाही एक निर्णय असतो आणि तो घेतला म्हणून आपण काही कमी केलं असं होत नाही.

मार्ग कोणते

ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतड्यापर्यंत जायचं आणि नळीच्या तोंडातून उलटं वर जाऊन स्टेंट बसवायचा. बाहेर काही दिसत नाही, पिशवी नाही, म्हणून खालच्या अडथळ्याला, स्वादुपिंडाजवळच्या, सहसा हाच पहिला. धोका मुख्य म्हणजे नंतर स्वादुपिंडाला सूज येते, पोटात पाठीपर्यंत जाणारं दुखणं आणि उलट्या. ती टाळायला गुदद्वारातून एक गोळी देतात, ती देणार का हे विचारायला हरकत नाही.

पीटीबीडी म्हणजे बाहेरून, उजवीकडच्या बरगड्यांमधून किंवा छातीच्या मधल्या हाडाच्या खालून, सोनोग्राफीवर बघत बघत बारीक सुई लिव्हरच्या फुगलेल्या नळीत घालायची, मग एक्सरेच्या पडद्यावर बघत तार, आणि तारेवरून नळी. हे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीवाले करतात, बऱ्याच लोकांना हा विभाग असतो हेच माहीत नसतं. सांध्यावरचा अडथळा, आधीच्या ऑपरेशनमुळे दुर्बीण पोचत नसेल, आतडंच दाबलं गेलं असेल किंवा ईआरसीपी फसली असेल तर हा मार्ग. नळी नुसती बाहेर काढणारी असते किंवा अडथळा ओलांडून आतड्यातही जाणारी असते. दुसरी बसली तर चांगलं, कारण पित्त आत जायला लागलं की अन्न पचतं आणि अंगातलं मीठ-पाणी वाया जात नाही. पहिल्याच दिवशी तार पलीकडे गेली नाही तर निराश होऊ नका, चार-सहा दिवस नुसतं बाहेर काढून सूज उतरली की पुष्कळदा दुसऱ्या खेपेला जाते. बाबांचं तसंच झालं.

तिसरा मार्ग म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते, तिने बघत पोटातून किंवा आतड्यातून सरळ नळीत छेद करून स्टेंट. अनुभवी हात असतील तरच.

त्या दिवशी

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ॲस्पिरिन असेल, क्लोपिडोग्रेल असेल, तर ॲडमिशनच्या आधीच सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. कावीळीत के व्हिटॅमिन अंगात शोषलं जात नाही म्हणून रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे आयएनआर बघतात, साधारण १.५ च्या आत आणि प्लेटलेट ५० हजारांच्या वर हवेत, नसतील तर के व्हिटॅमिनचं इंजेक्शन किंवा प्लाझ्मा वगैरे देतात. क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी) बघतात कारण डाय वापरायचा असतो. सहा तास उपाशी. अँटिबायोटिक आधी गेलं का हे सिस्टरना एकदा विचारा. स्कॅनची सीडी सोबत ठेवा, नुसता कागदी रिपोर्ट चालत नाही, डॉक्टरांना स्वतः चित्र बघायचं असतं.

पीटीबीडी जागेपणी होते, जागा बधीर करून आणि झोपेचं थोडं औषध देऊन. सुई आत जाताना आणि नळी सरकताना खांद्यापर्यंत कळ जाते, आधी सांगून ठेवलं तर पेशंट दचकून हलत नाही. कंटाळवाणं वाटलं तरी बाबांना श्वास धरायची प्रॅक्टिस घरीच करून घेतली होती, मॅडम म्हणाल्या की फार मदत झाली. पहिल्या दिवशी पिशवीत थोडं लालसर येऊ शकतं, ते हळूहळू हिरवट-पिवळं व्हायला हवं. लालभडक रक्त येत राहिलं तर लगेच सिस्टरना हाक मारा, ते डिस्चार्जनंतर चौथ्या-आठव्या दिवशीसुद्धा होऊ शकतं.

आणि एक, बिलिरुबिन धपकन उतरत नाही. पहिल्या आठवड्यात बरंच खाली येतं, मग रेंगाळतं, कारण त्यातला काही भाग रक्तातल्या प्रोटीनला चिकटून बसलेला असतो आणि तो जायला दोन-तीन आठवडे लागतात. रिपोर्ट सुधारला तरी डोळे पिवळेच दिसतात. आई रोज सकाळी बाबांचे डोळे बघून खट्टू व्हायची, तिला हे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आम्ही मग डोळ्यांऐवजी लघवी आणि संडासाचा रंग बघायला लागलो, तो आधी बदलतो.

घरी नळी सांभाळणं

डिस्चार्जच्या गडबडीत सगळे बिलामागे असतात आणि सिस्टर दारातच घाईघाईने सांगतात. तसं होऊ देऊ नका. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की फ्लशिंग (सलाइनने नळी आतून धुणं) मी स्वतः करून दाखवते, तुम्ही बघा. मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनी तीन वेळा करून घेतलं माझ्याकडून, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

फ्लशिंग करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, आणि सांगितलं तेवढंच, सहसा ५ ते १० मिली नॉर्मल सलाइन. हात साबणाने धुवायचे, नळाचं तोंड स्पिरिटने पुसायचं, सिरिंजमधली हवा काढायची, हळूहळू आत ढकलायचं. परत ओढायचं नाही, ओढलं की आतड्यातली घाण नळीत येते. जोर लागायला लागला, दुखलं, तर थांबायचं आणि फोन करायचा. नळीला तीन तोंडांचा नळ असतो, त्याचा दांडा कुठल्या बाजूला असला की कुठलं तोंड बंद हे आपल्या नळावर समजून घ्या, आम्ही नेलपॉलिशने ठिपका करून ठेवला होता म्हणजे रात्री अर्धवट झोपेतही चुकायचं नाही. दांडा चुकून बंद राहिला तर पित्त आत तुंबतं आणि सकाळी ताप.

पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीवर टेकवायची नाही. अर्धी-पाऊण भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने नळी धरून ठेवणारा टाका ओढला जातो. आईने जुन्या सुती साडीची एक लांब पट्ट्याची झोळी शिवली, ती खांद्यावरून तिरकी घेऊन बाबा सदऱ्याच्या आत पिशवी ठेवायचे, आणि त्या झोळीमुळे ते परत सकाळी बाकावर जाऊन मित्रांबरोबर बसायला लागले. हे छोटं वाटतं पण त्या झोळीने जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्या टॉनिकने नाही वाटलं.

नळी कातडीतून जिथे बाहेर येते तिथे तिच्यावर मार्करने खूण करा आणि रोज बघा खूण तिथेच आहे का. खूण बाहेर सरकली म्हणजे नळी सरकली. ड्रेसिंग कोरडं ठेवायचं, ओलं झालं की लगेच बदलायचं, एरवी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. जागेवर पावडर, हळद, तेल काही लावायचं नाही. अंग ओल्या पंचाने पुसून घ्यायचं. झोपताना नळी असलेली बाजू वर. रिक्षात बसताना झोळी मांडीवर आणि नळीला थोडा ढिलेपणा, आपल्या स्पीडब्रेकरांचे धक्के टाक्यावर येतात.

वही घाला. तारीख, सकाळ-रात्र किती मिली, रंग कसा, ताप किती, संडासाचा रंग, लघवीचा रंग. मोजायला वेगळा जग ठेवा, खुणा असलेला. पित्त सोनेरी-पिवळं ते हिरवट-तपकिरी असलं तर ठीक. गढूळ, घाण वासाचं झालं तर इन्फेक्शन. रोज ५०० मिली येणारं एकदम ५० वर आलं आणि सोबत दुखणं, ताप, किंवा नळीच्या बाजूने गळायला लागलं तर नळी तुंबलीय किंवा सरकलीय. नळी आतड्यातही जात असेल आणि पित्त आतच जात असेल तर बाहेरचं कमी होणं चांगलंही असू शकतं, म्हणून नुसत्या आकड्यावरून घाबरण्याआधी माणूस कसा आहे ते बघा.

पित्त बाहेर जातं तेव्हा त्याबरोबर मीठ आणि पाणीही जातं. बाबा एकदा दोन दिवस एकदम गळून गेले, चक्कर, लघवी कमी, आम्हाला वाटलं आजार वाढला, तर सोडियम उतरलेलं होतं. तेव्हापासून ओआरएस, मीठ घातलेलं ताक, भाताची पेज, वरणाचं पाणी, जेवढं पिशवीत येतं तेवढं तरी जास्तीचं पोटात गेलं पाहिजे असा हिशोब ठेवला. हार्टचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. दिवसाला लिटरच्या वर यायला लागलं तर फोन.

जेवणात तेल-तूप पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते, कॅन्सरच्या माणसाला कॅलरी लागतात. थोडं थोडं पाच-सहा वेळा. संडास चिकट, तेलकट, तरंगणारं व्हायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात आणि त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. खाजेला नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळीने फारसा फरक पडत नाही कारण ही ॲलर्जी नाही, वेगळी औषधं आहेत ती मागा. नखं कापलेली, सुती कपडे, गार पाण्याचा पंचा. दुखतंय म्हणून मेडिकलमधून परस्पर ब्रुफेनसारख्या गोळ्या आणू नका, किडनी आणि रक्तस्राव दोन्हीला वाईट.

पिशवी सुटून आत स्टेंट

बाहेरची नळी कायमची राहू नये असं सगळ्यांनाच वाटतं. इन्फेक्शन निवळलं, तार पलीकडे गेली की त्याच वाटेने मेटल स्टेंट बसवता येतो आणि बाहेरची नळी काही दिवसांनी काढतात. प्लास्टिक आणि मेटलमधला फरक मला मॅडमनी असा सांगितला, नळ्यांची जाडी फ्रेंचमध्ये मोजतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे १० फ्रेंचचा प्लास्टिक स्टेंट हा बॉलपेनच्या रिफिलएवढा, आणि मेटलचा जाळीचा स्टेंट आत गेल्यावर फुलून ८ ते १० मिलिमीटर होतो, पेन्सिलीपेक्षा जाड. प्लास्टिकचा साधारण तीन महिन्यांत गाळाने तुंबतो म्हणून बदलावा लागतो. मेटल पुष्कळदा सहा महिने ते वर्ष चालतो पण कितीतरी पट महाग असतो, आणि उघड्या जाळीचा असेल तर तो नंतर काढता येत नाही, जाळीतून गाठ आत वाढली तर त्याच्या आत दुसरा घालतात. म्हणून निदान पक्कं नसेल किंवा ऑपरेशनचा निर्णय बाकी असेल तर मेटलची घाई नको. बायोप्सीचा तुकडा घेतला का हेही तेव्हाच विचारा, ब्रशने घेतलेला नमुना निगेटिव्ह आला म्हणजे कॅन्सर नाही असं धरता येत नाही.

बाहेरची नळी ठेवावीच लागली तर ती दोन-तीन महिन्यांनी बदलायची असते. तारीख कॅलेंडरवर लिहा, हॉस्पिटलमधून फोन येईल याची वाट बघू नका. किमोच्या तारखा आणि नळीच्या तारखा वेगवेगळे विभाग देतात, एकमेकांना सांगतात असं नाही, ते जुळवणं आपलंच काम.

पैसे

मेटल स्टेंटची किंमत बिलात वेगळी येते, त्यामुळे इस्टिमेट घेताना स्टेंट धरून की सोडून हे लिहून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार बसतात, यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात, ॲडमिट होण्याआधी त्यांच्याकडे रेशनकार्ड-आधार घेऊन जा आणि पीटीबीडी, स्टेंट, किमो यातलं काय कुठल्या पॅकेजमध्ये बसतं ते विचारा, आधी प्रोसिजर मग कागद असं केलं तर अडकतं. पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत, त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन उत्पन्नाचा दाखला दाखवून स्पष्ट मागा, ही भीक नाही. ससूनला केसपेपर काढून चौकशी करा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज हॉस्पिटलच्या इस्टिमेटवर होतो.

आणि वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून, तिथे पेशंट आणि घरचे दोघांनाही मोफत ठेवून घेतात. शेवटी शेवटी नेतात असा आपला समज असतो आणि आम्हीही उशीर केला. दुखणं, खाज, झोप, ड्रेसिंग, सगळ्याकडे ते शांतपणे बघतात, उपचार चालू असतानाही जाता येतं. बाबांना तिथे पहिल्यांदा सलग सहा तास झोप लागली आणि आईलाही.

रात्री काही झालं तर

थंडी वाजून ताप आला, तो १०१ असो की १०३, नळी किंवा स्टेंट असलेल्या माणसाला क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. नळीला झाकण लावलेलं असेल तर आधी ते उघडून पिशवी जोडा, मग निघा. थंडी-ताप, पोटात उजवीकडे दुखणं आणि परत पिवळेपणा हे तिन्ही एकत्र असेल, किंवा माणूस बरळायला लागला, अंग गार पडलं, तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. नळी बाहेर निघाली तर परत आत ढकलायची नाही, स्वच्छ गॉज दाबून चिकटपट्टी लावायची आणि त्याच दिवशी जायचं, सकाळी बघू म्हटलं तर आतली वाट बुजते आणि परत नवी सुई.

रात्रीच्या कॅज्युअल्टीत बहुतेक ज्युनिअर डॉक्टर असतात, त्यांनी तुमची फाईल पहिल्यांदाच बघितलेली असते, म्हणून आम्ही फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं. पित्तनळीचा कॅन्सर, बिस्मथ टाइप ३ए. उजवीकडून पीटीबीडी, ८.५ फ्रेंच, घातल्याची तारीख, बदलायची तारीख. शेवटचं बिलिरुबिन, क्रिएटिनिन. शेवटची किमो कधी. आधीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) कुठलं अँटिबायोटिक लागू पडलं होतं. ॲलर्जी कशाची. नळी घालणाऱ्या डॉक्टरांच्या विभागाचा नंबर. खाली लाल पेनने, "थंडी-ताप असल्यास आधी ब्लड कल्चर, मग लगेच अँटिबायोटिक, कृपया इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीला कळवा." ते पान, स्कॅनची सीडी, एक जास्तीची पिशवी, दोन सिरिंज, सलाइनची छोटी बाटली, गॉज, चिकटपट्टी आणि बाबांची शाल, एवढं त्या साडीच्या झोळीत भरून दाराच्या मागच्या खुंटीला कायम टांगलेलं असायचं.